मास्तरांची लवंग

मास्तर कुणाचं ऐकायला बसले, की आधी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढत आणि एक लवंग दाढेखाली धरत. तिचा तिखटपणा उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा त्यांनी स्वतःलाच घालून घेतलेला दंडक होता. असा दंडक का लागतो, हे कळायला मला सहा महिने लागले.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत, सिल्लोडच्या गाडीवरचे एसटी कंडक्टर. प्रवासी त्यांना मास्तर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत दर रविवारी समुपदेशनाचा पूर्वतयारी वर्ग भरायचा. ज्यांची बारावी राहून गेली, त्यांनी तो पुरा केला की पदवीला प्रवेश मिळायचा. मी बारावीत दोनदा आपटलेली, तोंड लपवत आलेली. मास्तर दहावी पास आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांना बी.ए. व्हायचं होतं. या वयात त्या बाकड्यांत पाय तरी मावतात का, असं बायको विचारते, हे ते आम्हाला कौतुकानं सांगत.

वर्गात तिघातिघांचे गट असायचे. एकानं आपली खरी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, तिसऱ्यानं बघून टिपणं काढायची. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही. आणि नेमकं इथंच मास्तरांचं घोडं पेंड खायचं. अभ्यासात मन लागत नाही, एवढं मी म्हणते न म्हणते तोच त्यांनी माझी पहाटे उठायची वेळ ठरवली, मला कुठल्या मामाकडं ठेवायचं तेही ठरवलं. वर्ग घेणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, “मास्तर, इथं कुणाला कुठं पोचवायचं नसतं.”

“मग गाडीत घ्यायचंच कशाला, मॅडम?” मास्तरांनी मनापासून विचारलं. वर्ग खो खो हसला. पुढच्या रविवारी ते लवंगांची पुडी घेऊन आले.

एकदा आमच्या गटातली तिसरी बाई आली नाही. सांगायची पाळी मास्तरांची होती. एरवी ते गुडघेदुखी सांगून वेळ मारून नेत. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत त्यांनी एका बाईची गोष्ट काढली. बऱ्याच वर्षांपूर्वी सिल्लोडहून एक तरणी बाई गाडीत बसली होती. हातात लहानशी पिशवी, घरी न सांगता निघालेली. मास्तरांनी ओळखलं, सासरचं भांडण. भांड्याला भांडं लागतंच, म्हणून त्यांनी तिला समजावलं, फुलंब्रीला उतरवलं आणि समोरून आलेल्या सिल्लोडच्या गाडीत स्वतः जागा करून बसवून दिलं. चांगलं काम केलं म्हणून ते दिवसभर खुशीत होते. त्यानंतर ती कधी दिसली नाही. फुलंब्रीचा स्टँड आला, की ते अजूनही बाकड्यांवर बसलेल्या बायकांकडं बघत.

तुमचा काय दोष, मास्तर, असं अगदी ओठांवर आलं माझ्या. तेवढ्यात त्यांनी पुडी माझ्यापुढं सरकवली. मी लवंग तोंडात टाकली. तिचा तिखटपणा उतरत आला, तेव्हा ते म्हणाले, “त्या गाडीत बसवताना ती म्हणली व्हती, तसं नाय, मास्तर. आन मी गाडी सुटायची घंटी मारली. तसं नाय तर मग कसं, एवढंच इचारायचं व्हतं, माय. तेवढंबी जमलं नाय मला.”

आम्ही दोघंही पास झालो. मास्तरांनी बी.ए.चा फॉर्म भरला, निवृत्त झाले आणि देवगाव रंगारीला शेतावर राहायला गेले. पहिल्या वर्षाची पुस्तकं त्यांच्याकडं मीच पाठवली. अधूनमधून फोन यायचा. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पेपरला जायच्या घाईत होते आणि फोन वाजला. मास्तर म्हणाले, हल्ली झोप येत नाही. मी पायात चप्पल सरकवता सरकवता सांगितलं, की निवृत्तीनंतर असं होतंच, सकाळी फिरत जा, पुस्तकात मन रमवा.

“तसं नाय, माय,” ते म्हणाले.

“सावकाश बोलू, मास्तर. पेपर आहे.”

“व्हय व्हय, जा तू. पेपर महत्त्वाचा.”

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी ओट्यावर चहा पिता पिताच मास्तर गेले होते. मुलानं पुस्तकं परत करायची का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

आज मी एका कॉलेजात मुलामुलींचं ऐकायचं काम करते. टेबलाच्या खणात लवंगांची डबी असते. समोरची पोर “तसं नाही, मॅडम” म्हणून अडली, की मी घड्याळाकडं बघत नाही. मग कसं, एवढंच विचारते आणि ती सांगू लागते. मॅडमना ऐकता येतं, असं मुलं एकमेकांना सांगतात म्हणे. मला ते ऐकवत नाही. मास्तरांची आठवण फार येते, आणि ती येते ती त्या एका फोनपाशीच येऊन थांबते. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर खोलीत मी एकटीच उरते. तोंडातल्या लवंगेचा तिखटपणा केव्हाच उतरलेला असतो.

तसं नाही, तर मग कसं, मास्तर?