शुक्रवारी संध्याकाळी सहाचा इंटरव्ह्यू

गेल्या आठवड्यात आमच्या शारजाच्या घरात जे काही झालं, ते लिहूनच टाकते... नाहीतर माझं डोकं फुटेल.

मी दुबई मरीनातल्या एका अमेरिकन कंपनीत आहे. न्यू जर्सीच्या ऑफिसात बदली मिळावी म्हणून वर्षभर राबले, आणि फोनवरचा शेवटचा इंटरव्ह्यू ठरला तो नेमका शुक्रवारी संध्याकाळी सहाला. त्यांची ती सकाळ... आमचा शब्बाथ.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई दिवे लावते, बाबा मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणतात, आणि मग शनिवारी अंधार पडेपर्यंत काम करायचं नाही, फोनलाही हात लावायचा नाही. इथे हे बाहेर कुणाला सांगायचंही नाही. कोणी धर्म विचारला की आम्ही "मराठी" म्हणून मोकळे होतो.

बाबांना विचारलं, एकच फोन घेऊ का... पेपरमधून मान वर न करता "नाही."

मग मीही बोलून गेले. "तुम्ही इतकी वर्षं दर शनिवारी हमरिया बंदरावर ड्यूटीला जाता, ते चालतं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी नाइलाजाने मोडतो गं. तू हौसेने मोडशील."

त्यात आईचं सुरूच. "आपले पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून तर लोक शनवार तेली म्हणायचे. तुझ्या अमेरिकेला एक फोन बंद ठेवता येत नाही?"

शेवटी तिकडच्या एचआर बाईंना मेल केला. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते, गुरुवारी चालेल का... खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. चार वेळा वाचून पाठवला.

तासाभरात उत्तर. तुमच्या इस्लामी परंपरेचा आम्हाला आदर आहे, गुरुवारी बोलू. शेवटी चक्क "इन्शाल्ला".

आई हसून हसून सोफ्यावर आडवी. बाबा म्हणाले, "खलास. तू काही खोटं बोलली नाहीस, आता गप्प बस." पण मला जेवण जाईना. दुसऱ्याच्या धर्माच्या नावावर सवलत घ्यायची?

गुरुवारी फोन आल्यावर दार लावून, आवाज खाली करून पहिल्यांदा तेच सांगितलं. मी मुस्लिम नाही, ज्यू आहे. बाईंनी इतक्यांदा सॉरी म्हटलं, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्यानंतर पाऊण तास फक्त कामाचं बोलणं.

आज बदलीचं लेटर आलं. बाबांनी दोनदा वाचलं, नीट घडी घातली. मी लेक्चरची वाट बघत उभी होते.

"तिकडे शुक्रवारी सूर्य किती वाजता मावळतो?" एवढंच विचारलं.

शोधलं... डिसेंबरात साडेचार. आणि ऑफिस सुटतं पाचला. म्हणजे हिवाळाभर हीच कटकट, दर आठवड्याला, आणि तिथे मी एकटी.

पण बाबांनी "जाऊ नको" म्हटलं नाही. मी जाणार हे धरूनच त्यांनी तो प्रश्न विचारला... त्यासाठी मी दर शुक्रवारी कुठल्याही बॉसशी भांडेन.