उजवा कौल

त्या मालिकेचं वेड आत्याच्या घरात मीच नेलं. आतेबहिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं, म्हणून महाडहून वरंधला मदतीला गेले होते. अंगणात पापड वाळत होते, दुपारी हाताला काम नव्हतं, तेव्हा मोबाइल तांब्याला टेकवून लावला. खरं घडलेलं प्रकरण होतं. एक गोडबोल्या गृहस्थ राजघराण्याचा वारस म्हणून मुंबईच्या बड्या मंडळींत शिरतो आणि वर्षानुवर्षं त्यांच्याच बंगल्यांत पाहुणचार झोडतो.

आत्या पोट धरून हसली. "येवढी शिकलेली मान्सं, आन एकानं पन इचारलं नाय, बाबा तुजं घर कुठं हाय?"

माझं हसू मात्र आटलं. कारण आमचा नवरा मुलगा. दुबईला मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे, असं तो सांगायचा. त्याचं घर आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. दरवेळी तिथं दुरुस्ती निघालेली. आईवडील नाहीत, एक काका आहेत म्हणे, ते कायम आजारी. फोटो काढायला गेलं की हा पाणी प्यायला उठायचा.

मी आत्याला मोरीपाशी गाठलं. म्हटलं, निदान एकदा घर तरी बघून येऊ.

"देवीला कौल लावलाय गो," ती म्हणाली. "उजवीकडची कळी पयली पडली, म्हंजे देवीचा होकार, सगल्या वाडीनं बघितला. आता घर बघाया जायाचं म्हंजे देवीला खोटं पाडायचं."

माझ्या नोकरीच्या वेळी याच देवीला मीही कौल लावला होता. मग कुठल्या तोंडानं बोलणार? घरात आले.

बहीण एकटीच मालिका बघत होती. कुणीतरी कॅमेरा काढला, तसं पडद्यावरच्या माणसानं तोंड फिरवलं. तिनं बोटानं चित्र थांबवलं.

"ताई, हे पन असंच करतात."

मी तिचा हात धरून म्हटलं, "आईला सांग. मी आहे तुझ्याबरोबर."

"काय सांगू? देवी बोलली नसती तर सांगितलं असतं."

मोबाइल माझ्या हातात देऊन ती अंगणात पापड उलटायला गेली. देवीचा मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो तिथं कुणापाशी काढता येण्यासारखा नव्हता. थोड्या वेळानं मीही बाहेर गेले, तिच्या शेजारी बसले आणि तिच्या लग्नाचे पापड उलटू लागले.