उतरलेला गंधार

वणीत राहून मी आयुष्यभर बंदिशी बांधल्या असं सांगितलं की बाहेरगावचे लोक आधी हसतात. कोळशाच्या गावात शास्त्रीय संगीत! त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हातात फावडं आणि मांडीवर तानपुरा घेतलेला माणूस येत असावा. हसू देत. मी इथल्याच कॉलेजात संगीत शिकवून निवृत्त झालो, आणि उरलेल्या वेळात चिजा बांधल्या. राग तेच असतात, जुनेच. त्यात आपले चार शब्द, आपली चाल घालायची, ती कुणाच्या तरी गळ्यात बसवायची, आणि आपण गेल्यावर ती त्या गळ्यात राहील अशी आशा धरायची, एवढाच आमचा उद्योग. स्वरलिपी लिहून ठेवता येते, पण कागदावरची चीज म्हणजे दोरीवर वाळत घातलेला सदरा. माणूस आत असल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माझ्या चिजांना एकच गळा मिळाला. बाकीचे विद्यार्थी परीक्षेपुरते आले, प्रमाणपत्रं घेऊन लग्नाला नाहीतर पुण्याला गेले. ही टिकली. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची बंजारा मुलगी, बदलीने आमच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायला आली. दर रविवारी स्कुटीवरून यायची, तोंडाला रुमाल बांधून. आली की आधी अंगणातल्या नळावर चुळा भरायची, घशातली कोळशाची धूळ काढायची, मग तानपुऱ्याला हात लावायची. आवाज असा की पहिल्या दिवशी मी ऐकलं आणि बायकोला म्हणालो, "आता मी मेलो तरी चालते." बायको म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा, मंग मरा."

तिच्यासाठी मी भूपात एक चीज बांधली. एकदा पांढरकवड्याहून बसने परत येत होतो, जंगलात पळस फुलला होता आणि दिवस कलला होता. बसमध्येच शब्द सुचले. "साँझ भई, घर आवो रे, पलस झरे बन में." बायकोने ऐकून विचारलं, "दुसऱ्याले घर आवो म्हनता, अन् सोता कधी वेळेवर येता का?" पण चीज तिलाही आवडली होती, कारण पोळ्या लाटताना तीच गुणगुणायची. या चिजेची सम 'आवो'वर येते, आणि बरोबर गंधारावर. भूपात गंधार म्हणजे घराचा मधला खांब आहे. तो जागेवर असला की बाकीचं छप्पर आपोआप उभं राहतं.

ती चीज बांधली त्याच्या आगेमागेच मला पेटीचा राग यायला लागला. पेटी वाजवायला माझा जुना मित्र येतो. तो एसटीत कंडक्टर होता, आयुष्यभर तिकिटं फाडली आणि घरी येऊन पेटी वाजवली. मी त्याला म्हणायला लागलो, "तुह्या पेटीचा गंधार चढला बे. दाखव कोणाले तरी." तो बिचारा पेटी घेऊन नागपूरला गेला. दुरुस्तीवाल्याने तपासून काही बिघाड नाही म्हणून परत दिली. मी म्हणालो, दुरुस्तीवाल्याच्याच कानात कोळसा गेला असेल. आम्ही दोघंही हसलो. नंतर माझा तानपुराही बिनसला. खरजाची तार नीट लागली की तिच्यातून एक गंधार आपोआप निघतो, कुणी न छेडता. लहानपणी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरलो होतो, आणि त्या भीतीमुळेच या धंद्यात पडलो. तो गंधार बंद झाला. मी तार बदलली, घोडी घासून जवारी काढून घेतली, भोपळ्यावर ठोकून पाहिलं. दोष सगळ्या वाद्यांत सापडत गेला. माझ्यात असेल हे मनातही आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळला तिचं गाणं ठेवलं होतं. संध्याकाळची छोटी बैठक, पण ऐकणारे जाणते होते. मी पहिल्या रांगेत. तिने भूप घेतला, आणि माझी चीज सुरू केली. समेवर आली, 'आवो' म्हणाली, आणि माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की आता काही झालं तरी चालेल. इतका जागेवरचा, इतका शांत गंधार मी माझ्याही गळ्यातून कधी काढला नव्हता. फक्त एक गोष्ट खटकत होती. समेवर ती आली की माझा मित्र पेटीवरून हात उचलत होता. सगळीकडे साथ, आणि ऐन समेवर हात हवेत. मला वाटलं, रुसला आहे. त्याच्या पेटीला मी सगळ्यांसमोर नावं ठेवत आलो, त्याचा हा सूड असेल.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण ओल्या लाकडासारख्या, पेटता पेटता विझल्या. एका जाणत्या गृहस्थाने मला हात जोडून म्हटलं, "वेगळाच भूप ऐकला आज." मी छाती फुगवून धन्यवाद दिले.

चहाच्या वेळी मित्राला एका कोपऱ्यात गाठलं. "काहून बे, समेवर हात काहून उचलून राह्यला होता?"

तो कपात बघत राहिला. "गंधार उतरत होता पोरीचा. पेटीवर बोट ठेवलं असतं तं सगळ्याईले समजलं असतं."

"उतरत होता? अबे, तसा गंधार..."

"तुहाही उतरते," तो म्हणाला. "दोनेक वर्सं झाले. तू पेटीले शिव्या देत होता, म्हनलं देऊ दे. कोण्या तोंडानं सांगू तुले?"

मी त्याच्याशी भांडलो. आवाज चढवला, दोन लोक वळून बघायला लागले. तो एक शब्द उलटून बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यानेच मला आतून हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी दार लावून घेतलं. विद्यार्थी मोबाइलवर स्वर तपासायला वापरतात ते ॲप उघडलं, ज्याची मी आजवर टिंगल केली होती. षड्ज लावला, काटा मधोमध. रिषभ लावला, मधोमध. गंधार लावला आणि काटा डावीकडे जाऊन पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावीकडे. मग काटा मधोमध येईपर्यंत मी स्वर वर नेत गेलो. काटा थांबला तेव्हा माझ्या गळ्यातून निघणारा स्वर मला इतका चढा, इतका घाणेरडा वाटला की मी गायचं बंद केलं. तो बरोबर होता. मला जो घाणेरडा वाटला तोच बरोबर होता.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. गावात सगळ्यांना वाटत होतं की खाणीतल्या सुरुंगांमुळे झालं असेल. रोज दुपारी आमच्या खिडक्या थरथरतात. मलाही तेच कारण निघायला हवं होतं, निदान शिव्या घालायला कुणी मिळालं असतं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. कानाच्या नसा कमजोर झाल्या की काही पट्टीतले स्वर आहेत त्याच्यापेक्षा वर ऐकू येतात. मशीनने आवाज मोठा होईल, स्वर जागेवर येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "रोजच्या बोलण्यात काही अडचण?" मी म्हणालो, नाही. "मग फार काळजी करू नका," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माणूस भला होता. त्याच्या खोलीबाहेर बाकावर बसून मला रडू आलं, आणि लाजही वाटली, कारण शेजारी खरोखरचे आजारी लोक बसले होते.

रविवारी ती आली. चुळा भरून बसली. तिने तानपुरा उचलायच्या आत मी विचारलं, "भूपातला गंधार उतरला हाय, तुले समजत नव्हतं का?"

"समजत होतं सर."

"मंग बोलली काहून नाई?"

"मले वाटलं तुमचा भूपच तसा हाय. तुमच्या गुरूकडून आलेली श्रुती असन." ती हसली. "पह्यले तं जमतच नव्हतं. गळा आपसूक वर जाये. मंग शाळेतून आली का तानपुरा लावून तेवढाच गंधार घोटत बसो. दिवाळीपासून होळीपर्यंत तेच केलं. तवा कुठं बसला."

ज्या गळ्याला देवाने बरोबर स्वर दिला होता, तो गळा तिने माझ्यासाठी महिनोन् महिने झिजवून बेसूर केला होता. आमच्यात गुरूचा स्वर तपासायचा नसतो, तो घ्यायचा असतो. मीच तिला हे शिकवलं होतं, आणि कौतुकाने शिकवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. कान, काटा, डॉक्टर. ती तानपुऱ्याच्या तुंब्यावर हात ठेवून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना सर. मी असाच म्हनतो. लोकाईले काय म्हनाचं ते म्हनू द्या."

"अवं, बेसूर हाय तो."

"तुमाले तं तोच सुरेल लागते ना?"

एक क्षण, आणि तो क्षण छोटा नव्हता, मला हो म्हणावंसं वाटलं. जगात एक तरी गळा माझ्या कानाला सुरेल लागणारा राहील, इतकीच हाव होती. मग मी ओरडलो. इतका की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "माह्यासाठी बेसूर गाशीन तं माही चीज गाऊ नको," मी म्हणालो. "उद्यापासून पेटी सांगन तोच गंधार."

मित्राला बोलावलं. भांडण विसरून तो आला, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून. तेव्हापासून रविवारी शिकवणी माझ्या घरी होते, पण शिकवतो तो. मी भिंतीला टेकून बसतो. शब्द चुकला, लय पळाली, तर सांगतो. सुराबद्दल बोलत नाही. नवी चीज मी बांधलेली नाही. सुचतात, पण ज्या गंधारावर उभी करीन तो कुठे असेल हे मलाच माहीत नाही, म्हणून सुचलेली सोडून देतो. गेल्या दोन वर्षांत बांधलेल्या सगळ्या चिजांकडे बघायचीही हिंमत होत नाही. रिकामं होणं म्हणजे काय ते मला या वयात समजलं, आणि ते समजून काही उपयोग नाही.

परवाच्या रविवारी ती पुन्हा भूप गायली. गळ्याला पडलेली सवय तोडायला तिला पुन्हा तेवढाच त्रास झाला होता. "साँझ भई, घर आवो रे..." सम आली. या वेळी मित्राचं बोट पट्टीवरून उठलं नाही. आणि मला ती सम सहन होईना. चढी, कर्कश, परकी. माझीच चीज, माझ्याच घरात, आणि उठून अंगणात जावंसं वाटलं.

ती थांबली. नेहमीसारखं फक्त माझ्याकडे बघून विचारलं, "लागला का सर?"

मित्राचे डोळे मिटलेले होते आणि मान हलत होती. बायको पिठाचे हात घेऊन दारात उभी होती, पोळी तव्यावर टाकून, आणि तिला पोळीचं भान नव्हतं. मी दोघांचे चेहरे नीट पाहून घेतले.

"लागला," मी म्हणालो. "असाच म्हनत जा."

ती खूश होऊन पुन्हा सुरुवातीपासून गायला लागली, आणि मी संपेपर्यंत बसून राहिलो.