बुरुल आपाची किटली

आमच्या घरात हिवाळाभर चुलीजवळची जागा बॅटरीची असते. रोज संध्याकाळी नवरा तिला गाडीतून काढून आणतो, गोधडीत गुंडाळतो आणि उबेला ठेवतो. मी भिंतीकडेला झोपते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात यावरून मी कडाकडा भांडले होते. तुर्गानबायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झुरा, तू गारठलीस तरी सकाळी उठतेस. ती उठत नाही."

पामीरच्या या टोकाला आमच्या गावात विजेचे खांब आहेत, तारा नाहीत. गाडी एकच, आमची. डिझेलवरची, आमच्या लग्नाहून जुनी. आजारी माणूस, पिठाची पोती, माहेरी निघालेली लेक, सगळी तालुक्याच्या गावी, मुर्गाबला, जातात ती याच गाडीतून. थंडीत डिझेल तुपासारखं थिजतं, म्हणून तुर्गानबाय त्यात रॉकेल मिसळतो. पहाटे तेरेस्केनच्या झुडपाच्या काटक्या जाळून त्यांचे निखारे परातीत घेतो आणि परात इंजिनाखाली सरकवतो, म्हणजे आतलं ऑइल जरा सैल पडतं. रेडिएटरमध्ये साधं पाणी. रात्री गोठून इंजिन फुटेल म्हणून ते संध्याकाळीच सोडून दिलेलं असतं. सकाळी पुन्हा गरम पाणी भरायचं. ते एका चुलीवर होण्यासारखं नाही. म्हणून गाडी निघायची असली की घरटी एक किटली येते. हे कुणी ठरवलेलं नाही. रेडिएटरची खालची नळी उघडी ठेवून तुर्गानबाय आधी काही किटल्या नुसत्याच वाहू देतो, खालून कोमट पाणी यायला लागलं की नळी बंद करून बाकीच्या ओततो. प्रत्येक किटली दोन्ही हातांनी घेतो आणि त्या घराला दुवा देतो. शेवटी गाडी सुरू झाली की तिच्या बॉनेटवर हात ठेवून तिचेही आभार मानतो. माझ्या नवऱ्याचा अर्धा जन्म आभार मानण्यात गेला असं मी म्हणते, आणि ते खोटं नाही.

एका हिवाळ्यात मुर्गाबच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर यायचे होते. दुपारपर्यंत पोचतील त्यांचीच तपासणी, त्यांचीच ऑपरेशनं, मग डॉक्टर डोंगर उतरून परत. बुरुल आपाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तिला उजेड-अंधार तेवढा कळायचा. तुर्गानबाय तान्हा असताना त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बुरुल आपाने आपल्या लेकीबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. आमच्यात दुधाची आई म्हणजे आईच. म्हणून ती माझी सासू, आणि सासूपणात कुठे कमी पडली नाही.

त्या सकाळी थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. निखारे ठेवून झाले, बॅटरी जोडून झाली, किटल्या येऊ लागल्या. शेजारची उल्कान दोन घेऊन आली आणि "एक माझी, एक माझ्या नवऱ्याच्या आळसाची" म्हणाली. नळी बंद झाली, पाणी भरत आलं, एखादी किटली कमी होती. तेवढ्यात बुरुल आपा काठी टेकत, दुसऱ्या हातात किटली सांभाळत आली.

"आपा, तुम्ही कशाला आणलीत?" मी म्हटलं. "तुम्हाला तर न्यायचंय."

"मग? माझ्यासाठी गाव पाणी तापवतंय आणि मी हात हलवत येऊ? बाजूला हो, सूनबाई. भोक कुठंय ते दाखव."

तिचा हात धरून मीच किटलीचं तोंड रेडिएटरवर नेलं. तिने ओतलं, आणि आत पांढरं पडायला लागलं. दूध, लोणी, मीठ घातलेला चहा! घरी दोन किटल्या शेजारी शेजारी होत्या, तिने चाचपून भलतीच उचलली होती. मला कळेपर्यंत किटली रिकामी झाली होती.

माझ्या तोंडून किंकाळीच फुटणार होती. ही गाडी म्हणजे आमच्या घरची भाकरी. दूध जळून आतल्या नळ्या तुंबल्या तर काय खायचं? मी तोंड उघडलं, तर समोरून तुर्गानबाय माझ्याकडे बघून मान हलवत होता. नको. उल्कानने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं होतं, ती हसत होती की रडत होती, देव जाणे. सगळं सोडून पुन्हा भरायचं तर गावात गरम पाण्याचा थेंब उरला नव्हता. ओढ्यावरचा बर्फ फोडून, पाणी आणून तापवेपर्यंत इंजिन पुन्हा दगड झालं असतं आणि दुपार टळली असती. शिवाय का सोडलं, हे आपाला सांगावं लागलं असतं.

"बरकत होवो, आपा," तुर्गानबाय म्हणाला, आणि झाकण लावलं.

चावी फिरवली. गाडी कण्हली, गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग सगळ्या गावाने मागून रेटा दिला, उतारावर गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. मी आपाला आत बसवून शेजारी बसले.

थोड्या वेळाने हीटरमधून गरम वारा यायला लागला. त्याबरोबर लोण्याचा वास.

आपाने नाक वर केलं. "गाडीत चहा कोण प्यायलं?"

"मी," तुर्गानबाय म्हणाला. "घाईत घोटभर."

"मला विचारलंसुद्धा नाहीस!"

"चुकलं, आपा."

मी खिडकीबाहेर बघत बसले. रागाने माझे कान तापले होते. वाटेत दोनदा इंजिन इतकं गरम झालं की थांबून बॉनेट उघडावं लागलं. तिथे पांढरा फेस उतू जात होता आणि हा माणूस मुकाट्याने त्यात बर्फ टाकत होता. "गाडी गेली ना, तर मी तुम्हाला जुंपेन तिच्या जागी," मी त्याच्या कानात म्हटलं. त्याने नुसती मान डोलावली. पण पोचलो. डॉक्टर तपासणी आटोपून हात धुवायच्या बेतात होते. त्यांनी आपाला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी निघाली. आपा दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने आधी माझ्याकडे निरखून बघितलं. "म्हातारी झालीस की गं," म्हणाली. मग गाडीकडे गेली. तुर्गानबायने इंजिन धुवून काढलं होतं, पण जाळीवरून ओघळून गोठलेली पांढरी रेघ राहून गेली होती. आपाने नखाने ती खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"माझाच चहा," ती म्हणाली. "मीठ माझंच." मग वळून, "तुर्गान, बोलला का नाहीस रे? गाडी गेली असती तुझी."

तो हातातलं फडकं पिळत होता. "आपा, माझी आई तापात होती तेव्हा तू मला पाजलंस. तुझ्या लेकीच्या वाटचं दूध मी प्यायलो. ते तू कुणाला बोलून दाखवलंस कधी?"

आपा रडायला लागली. नवीन डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता मीही रडले. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

गाडी अजून चालते. हीटर मात्र तेव्हा तुंबला तो तुंबलाच. मुर्गाबपर्यंत सगळे गोधड्या पांघरून बसतात आणि कुणी तक्रार करत नाही. गाडी निघायची असली की बुरुल आपा सगळ्यांच्या आधी येते, रेडिएटरशेजारी उभी राहते, प्रत्येक किटलीचं झाकण उघडून आत डोकावते आणि पाणीच आहे याची खात्री झाल्यावरच ओतू देते. सगळ्यात आधी माझी तपासते.