‘बरे झाले’ म्हणण्याची घाई न करणाऱ्या सुमतीताई

डॉ. सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट पेढ्यांच्या पुड्यावरून झाली. दिंद्रुडला दुकान आणि शेती सांभाळणारे माझे थोरले बंधू शिवाप्पा यांच्या यकृतातला कर्करोगाचा गोळा शस्त्रक्रियेने निघाला होता. आनंदाने आम्ही दोघे, तो गोळा तपासणाऱ्या ताईंच्या प्रयोगशाळेत गेलो. ताईंनी पेढा खाल्ला आणि दादांना विचारले, “अप्पा, लव्हाळा खुरपला की संपतो का?”

“कुठला संपतो, बाई! गाठी खालीच ऱ्हात्यात.”

“या गोळ्यातही तशा थोड्या मूळपेशी असतात. औषधाला दाद देत नाहीत, दडून राहतात, मागाहून नवा गोळा उभा करतात. त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून आम्ही त्या ओळखतो. तुमच्या गोळ्यात त्या खुणा बऱ्याच दिसल्या. आजार परतेलच असं नाही, पण धोका जास्त आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही.”

सत्कारात गोडच बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. ज्यांनी आयुष्यभर रुग्णाला खोटा दिलासा दिला नाही, त्यांच्या गौरवाला ती शोभणार नाही. म्हणून पुढचेही सांगतो.

दोन तपासण्या नीट निघाल्या. घरच्यांनी कपिलधारच्या देवस्थानाला बोललेला नवस फेडला, गावजेवण घातले. नवस फेडला म्हणजे दुखणे देवाच्या दारात ठेवून आलो, ही आमची समजूत. पुढच्या तपासणीला दादा उठेनात.

“कावून जायाचं? देवानं दिलं, आमी फेडलं. आता पुन्हा तपासाया गेलो तर देवावर इश्वास न्हाई असं व्हतं.”

भाषणांनी सभा जिंकणारा मी घरच्या ओसरीवर हरलो. दादा वर्षभर गेले नाहीत. शेवटी ताई स्वतः दिंद्रुडला आल्या.

“अप्पा, जेवणाला मला बोलावलं नाहीत!”

“तुमी आला असता तर पंगतीतबी सुई काडली असती, बाई!”

ताई हसल्या. म्हणाल्या, “देवाला दडलेलं दिसतं. मला मशीन लागतं. माझ्यासाठी चला.”

दादा गेले, पण उशीर झाला होता. यकृतात ठिकठिकाणी नवे गोळे होते.

श्रद्धेवर तुटून पडणारी भाषणे मी पुष्कळ केली. ताईंनी एकही केले नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना विचारतात, “नवस कोणता बोललात?” आणि सांगतात, “तो पाच वर्षांनी फेडा. देव थांबतो, आजार थांबत नाही.” माझी सगळी भाषणे या एका वाक्यावरून ओवाळून टाकावीत!

शेवटच्या दुखण्यात दादांनी ताईंना विचारले, “परत आलं न्हवं, बाई? तुमी सांगितलंच व्हतं.”

“सांगितलं होतं. थांबवता आलं नाही. त्या पेशींना गाठणारं औषध अजून आमच्या हाती नाही, अप्पा. तुमच्या गोळ्याचा तुकडा अभ्यासाला ठेवू का?”

“ठेवा की. माज्याकडं लई माजला. तुमच्याकडं तरी कामाला लागू द्या.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेले. निवृत्तीनंतरही ताई रोज प्रयोगशाळेत जातात, त्या तुकड्यावर त्यांचे काम चालू आहे.

ताई, पंच्याहत्तरीनिमित्त आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मागणे निःस्वार्थी नाही. दादांनी सोपवलेले काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती जावे असे आमच्या घरात कुणालाच वाटत नाही.