आवाज दाबणारी नळी

बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला अमरावतीचं ते दुकान आठवतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. माझ्या आपोआप भरणाऱ्या रायफलीला आवाज दाबणारी नळी हवी होती. म्हाताऱ्या दुकानदारानं दोन नळ्या काढल्या, एक आखूड, एक लांब. "आखूड घ्या. थोडा आवाज असला म्हंजे शेजाऱ्याले कयते, बंदूक चालून राहिली म्हणून," तो म्हणाला. मला नेमकं तेच कळू द्यायचं नव्हतं, कारण पिकात घुसणारे रोही, म्हणजे नीलगाई, मारायचा परवाना माझ्याकडे नव्हता. मी लांब नळी घेतली. चार दिवसांनी, दिवस मावळताना, बाळापूरजवळच्या माझ्या तुरीत काहीतरी हललं आणि मी गोळी झाडली. जवळ गेलो तर शेजारच्या माळीणबाईंची कालवड पडलेली. कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. मी बैल लावून ती नाल्यात ओढली आणि वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या. सकाळी बाई धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, आल्या. "भाऊ, माही कालवड दिसली काय?" "वाघानं नेली असंन," मी म्हणालो. त्या घाबरल्या. "मंग तुमी एकटे नोका येऊ वावरात," म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याला माझ्या सोबतीला पाठवलं. आठवडाभर तो काठी घेऊन माझ्या राखणीला बसला, आणि मी त्याला रोज चहा देत राहिलो. अजूनही त्या चहाची आठवण आली की माझी मान आपोआप खाली जाते.