जिवंत पावडर

वासरू दिसलं की ती आधी त्याच्या तोंडात बोट घालायची. कुणाची गाय, कितवं वेत, ही चौकशी नंतर. वासरानं बोट कसं ओढलं यावरून ती सांगायची, "याचं पोट चांगलं हाय," नाहीतर, "याले आजच ताक पाजा." सकाळी दूध संकलन केंद्रावर कधी उभे राहिला असाल, तर अशी एखादी म्हातारी तुम्हीही पाहिली असेल. मोताळा तालुक्यातल्या आमच्या केंद्राची मी सचिव. सतरा वर्षं दोन्ही वेळा तिचं दूध मी मोजून घेतलं. सगळे तिला माय म्हणत.

"इसरणं मले जमत नाही," हे तिचं पालुपद. गल्लीतल्या एकानं एकदा तिच्या अशक्त कालवडीकडे बघून, हे काय जगते, असं म्हटलं होतं. तीन वर्षांनी ती कालवड व्याली. मग माय महिनाभर तिला चरायला नेताना लांबचा फेरा घेऊन त्याच्या दारावरून नेई. तिथं थांबायची, गाईच्या अंगावरून हात फिरवायची आणि एक शब्दही न बोलता पुढे जायची. शेवटी त्या माणसानं पुढचं दार लावून मागच्या दारानं ये-जा सुरू केली.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मोताळ्याचा एक दुकानदार वासरांसाठी पावडरची पाकिटं घेऊन केंद्रावर आला. दह्यात असतात तसले चांगले जंतू, तेही जिवंत. वासराच्या पोटात गेले की हगवण टळते, वाढ चांगली होते, असं त्यानं समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं. घेणाऱ्यांची यादी मी केली. माय नको म्हणत होती, तिचं नाव मी आग्रहानं घातलं. तिच्याकडे तेव्हा नऊ दिवसांची कालवड होती, तिच्या सगळ्यात चांगल्या गाईची पहिली. पावडर चालू असताना ताक द्यायचं नाही, असं दुकानदारानं बजावलं, म्हणून तिनं ताक बंद केलं. आठवड्यात कालवडीला हगवण लागली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तरी तिसऱ्या दिवशी ती गेली.

वासरं मरतात, हे मायला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुकानदार भर केंद्रावर म्हणाला, "बुढीनं उकळत्या पाण्यात कालवली असंल. जंतू शिजले, दुसरं काय." रांगेतले हसले. त्यानंतर पंधरा दिवस तिला कुणी वासरू पाहायला बोलावलं नाही. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात गेलं.

सोळाव्या दिवशी सकाळी ती त्याच दुकानातलं सीलबंद पाकीट घेऊन आली. "बाई, तीन बाटल्या घे. सगळं तुह्या हातानं कर. मी शिवत नाही." मी दूध उकळून कोमट केलं आणि नमुन्याच्या तीन बाटल्यांत भरलं. एकीत चमचाभर ताक, दुसरीत पावडर, तिसरीत काही नाही. चिठ्ठ्या लावल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि संध्याकाळच्या संकलनाला दुकानदाराला बोलावून घेतलं.

पहिलीत दही लागलं होतं. दुसरी आणि तिसरी सारख्याच, पातळ दुधाच्या. दुकानदारानं दोन्ही हलवून पाहिल्या. दुकानावर पत्रा आहे, फार तापतो, जंतू उन्हानं मेले असतील, असं तो पुटपुटला.

"मंग कालवड मह्या हातानं मेली का?"

त्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि जायला वळला.

"बोल ना बे. त्या दिवशी तं आवाज मोठा होता तुहा."

"मायच्या हातानं नाही मेली," तो म्हणाला. रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत तिनं त्याच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं.

मला वाटलं, संपलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मोताळ्याला गेली, त्याच्या दुकानासमोर पोतं अंथरलं आणि बसली. पाकीट घेऊन निघालेल्या प्रत्येकाला ती सांगायची, आधी वाटीभर दुधात लावून पाह्य, मग वासराला दे. हे प्रत्येक बाजारी. त्यानं चहा पाठवला, तिनं परत केला. उन्हाळ्यात त्यानं आपली ताडपत्री तिच्या डोक्यावर येईल इतकी पुढे ओढली, तर ती पोतं ओढून उन्हात सरकली.

शेवटी त्यानं पाकिटांसाठी फ्रिज घेतला. तिच्यादेखत पावडर दुधात घातली. दुपारनंतर घट्ट दही लागलं. तिनं चाखून चांगलं म्हटलं.

"मंग आता तं उठ ना माय."

"दही लागलं," ती म्हणाली. "कालवड उठली का?"

आणि बसून राहिली. तुम्हाला हे फार झालं असं वाटेल. मला वाटलं नाही. यादी माझ्या हातची होती, आणि मला तिनं एका शब्दानंही कधी काही म्हटलं नाही.

यंदा पौषात चार दिवसांच्या तापात ती गेली. दोन बाजार उलटल्यावर दुकानदार केंद्रावर आला. माय दिसत नाही, म्हणाला. मी सांगितलं. त्यानं अरेरे म्हणून कपाळाला हात लावला. पण त्याच्या आधी त्याचे खांदे सैल पडले होते. ते मी पाहिलं.

पुढच्या बाजारी मी सकाळचं संकलन लवकर आटोपलं, तिच्या घरून ते पोतं मागून घेतलं आणि मोताळ्याची बस धरली. तो दुकानाचं शटर वर करत होता. तो वळायच्या आत मी पोतं अंथरून बसले होते.